मी उद्या येतो

फळ्यावर मी वाक्य लिहिलं, 'मी उद्या येतो', आणि खडू खाली ठेवून नववी 'ब'कडे वळले.

"हे कोण बोलतंय? मुलगा का मुलगी?"

"मुलगा!" अख्खा वर्ग ओरडला.

शनिवारची सकाळची शाळा आणि त्यातला शेवटचा तास. पोरांचं लक्ष घंटेकडे, माझंही थोडंफार तिकडेच. संगणकाचे सर नोकरी सोडून नागपूरला गेले होते, आणि त्याच आठवड्यात वरून पत्रक आलं की मुलांना सोशल मीडियावरच्या सुरक्षिततेचे धडे द्या. मुख्याध्यापक बोरकुटे सरांनी तो तास माझ्या गळ्यात मारला. मी मराठीची शिक्षिका. माझ्या फोनवर मला फोन घेणं आणि ठेवणं एवढंच धड जमायचं. पत्रकातले नियम पोरांना केव्हाच पाठ झाले होते. अनोळखी व्यक्तीशी बोलू नये, आपला पत्ता देऊ नये, फोटो पाठवू नयेत, हे सगळं ती प्रार्थनेच्या चालीवर म्हणायची आणि म्हणता म्हणता मागच्या बाकावर एकमेकांना चिमटे काढायची.

म्हणून मी माझा मार्ग काढला. स्क्रीनवर चेहरा नसतो, आवाज नसतो, असतं ते फक्त वाक्य. मग वाक्याचीच झडती घ्यायची. मी फळ्यावर एकेक वाक्य लिहायची आणि ते लिहिणारा माणूस कोण, केवढा, कुठला, हे पोरांनी ओळखायचं. व्याकरणाच्या तासाला डुलक्या काढणारी कार्टी या खेळात मात्र कान टवकारून बसायची.

"मॅडम, मुलगी पण असू शकते."

हात वर होता आचल निखाडेचा. तिसऱ्या बाकावरची, बारीक चणीची, बोलायला जरा हळू. मेंदी सुरेख काढायची. शाळेतल्या निम्म्या पोरींच्या हातावर तिचेच मोर नाचायचे.

"मुलगी कशी काय?" मी विचारलं.

"कोल्हापूरची असली तर. तुम्ही नाही का म्हणत, मी येतो, मी जातो?"

वर्ग खो खो हसला. मलाही हसू आलं.

मी मूळची गडहिंग्लजकडची. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी मी वर्धा जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी आले आणि पहिल्याच दिवशी वर्गात उभी राहून म्हणाले, "मी तुमची नवीन मराठीची मॅडम. मी कोल्हापूरहून आलो." पोरं बाकावर पडून हसली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. भाजीवाला, पिठाच्या गिरणीवाला, बँकेचा शिपाई, सगळे मला 'आलो मॅडम' म्हणून ओळखायला लागले. मी बदलायचा प्रयत्नही केला नाही. माहेर इतकं लांब, की दिवाळीशिवाय जाणं व्हायचं नाही. तोंडातला हा 'आलो-गेलो' तेवढा माहेराहून रोज बरोबर असायचा, आणि मला तो प्रिय होता.

"शाब्बास," मी आचलला म्हटलं. "बरोबर शोधलंस."

ती लाजली. मग खाली बघत म्हणाली, "माझी एक मैत्रीण पण तशीच बोलते मॅडम. कोल्हापूरची आहे."

"अगं बाई! कोल्हापुरात कुठली?"

"ते नाही माहीत."

तेवढ्यात घंटा झाली आणि वर्ग दारातून सांडला. आचल दप्तर आवरत होती. मी म्हटलं, "तू थांब जरा."

खरं सांगायचं तर मला तेव्हा कसलाही संशय आला नव्हता. मला फक्त आनंद झाला होता. या गावात माझ्या बोलीचं माणूस भेटायचं म्हणजे उन्हाळ्यात वाळ्याचं पाणी मिळाल्यासारखं होतं. ती कोण, कुणाची, हे मला ऐकायचं होतं.

"कशी काय ओळख झाली गं तिची?"

"मेंदीच्या ग्रुपवर. श्रेया नाव आहे तिचं. माझ्या डिझाइन तिला फार आवडतात."

"म्हणजे भेटली नाहीस अजून?"

"आज भेटणार," आचल म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "मॅडम, तुम्ही रागावणार नाही ना?"

"रागवू कशाला?"

तिनं दप्तराच्या तळातून, डब्याच्या पिशवीखालून फोन काढला. शाळेत फोन आणायला सक्त मनाई होती. इतर दिवशी मी तो कपाटात ठेवून पालकांना बोलावलं असतं.

"ती येऊन राहिली आहे मॅडम. आपल्या गावात. तिचा दादा गाडी घेऊन येणार. वर्ध्याला मेंदीची स्पर्धा आहे, मला घेऊन जाणार अन् संध्याकाळच्या आत परत सोडणार."

"कोल्हापूरची पोरगी गावात येत्या आणि तू मला सांगत नाहीस व्हय?" मी म्हटलं. "तिला घरी घेऊन ये. मी तांबडा रस्सा करतो. दादाला पण आण." घरात मटणाचा मसाला आहे का, हे मी मनातल्या मनात पाहायलासुद्धा लागले होते.

आचलचा चेहरा पडला. "पण कोणालाच सांगू नको म्हणाली ती. घरी पण नाही. सरप्राइज आहे म्हणे."

हातातली छडी मी टेबलावर ठेवली. कुठंतरी खट्ट झालं. तरी मी स्वतःलाच समजावलं की पोरी अशाच असतात, त्यांचं सगळंच गुपित असतं.

"बघू तरी, काय बोलते ती."

बाहेर दौलत मामांनी वर्ग बंद करायला सुरुवात केली होती. दौलत मामा आमचे शिपाई. शनिवारी ते एका टोकापासून खिडक्या लावत यायचे, आणि प्रत्येक खिडकीचा धाडकन आवाज व्हायचा. आम्ही पहिल्या बाकावर बसलो. आचलनं फोन माझ्या हातात दिला.

मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. माझ्या डोळ्यांना ते चटकन कळेना. म्हणून मी एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले.

'आज मी पण मेंदी काढत होतो. तुझ्यासारखी नाही जमली.' 'तुझा हात किती सुंदर आहे. पूर्ण हाताचा फोटो पाठव ना.' 'मी तुझी वाट बघतो.' 'तू माझी एकटीच खरी मैत्रीण आहेस.' 'आईला सांगितलंस तर ती फोन काढून घेईल. आपलं आपल्यातच ठेव.'

सुरुवातीच्या ओळींना मला बरं वाटलं. काढत होतो, बघतो, अगदी घरचं. पण वाचता वाचता ते बरं वाटणं विरत गेलं. काहीतरी नव्हतं. नुसता 'तो' आणि 'लो' म्हणजे कोल्हापूर नव्हे. आमच्या बोलीत त्याच्या आजूबाजूला खूप काही येतं. 'व्हय' येतो, 'न्हाई' येतं, 'काय करालीस' येतं, 'खुळी काय गं तू' येतं. चौदा-पंधरा वर्षांची पोरगी मैत्रिणीशी बोलते आणि एकदाही तिला 'खुळी' म्हणत नाही? हे सगळं पुस्तकातलं मराठी होतं. फक्त क्रियापदांची शेपटं पुरुषी होती.

"आचल, ती कोल्हापूरची आहे हे तिनं तुला कधी सांगितलं?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे कधी? दाखव मला."

तिनं बोटानं स्क्रीन वर ढकलली. महिने मागे गेले. होळी गेली, संक्रांत गेली, दिवाळीच्या मेंद्या आल्या. एका जागी ती थांबली. मी वाचलं.

श्रेया म्हणाली होती, 'मी आत्ताच क्लासवरून आलो.'

खाली आचलचं उत्तर. 'आलो??? तू मुलगा आहे का?' आणि ते पाठवून पुढच्याच क्षणी तिनं दुसरी ओळ लिहिली होती. 'की कोल्हापूरची आहे? आमच्या मॅडम कोल्हापूरच्या आहेत, त्या पण आलो गेलो म्हणतात.'

त्यानंतर बराच वेळ समोरून काहीच नव्हतं. मग उत्तर आलं होतं.

'हो गं. कोल्हापूरचीच. तुला कसं कळलं?'

मी ते परत वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचायचा धीर झाला नाही. कुणीतरी बोलता बोलता घसरलं होतं, आणि या पोरीनं स्वतःच्या हातानं त्याला सावरून धरलं होतं. वर पाट मांडून दिला होता. त्या ओळीच्या आधी श्रेया नीट 'करते, जाते' लिहीत होती. त्या ओळीनंतर तिनं ते सोडूनच दिलं होतं. जपायची गरजच उरली नव्हती.

"मॅडम, काय झालं?"

"ही मुलगी नाहीये आचल."

"कशी नाही? तुम्हीच तर म्हटलं, मुलगी पण असू शकते म्हणून!"

मी फळ्याकडे पाहिलं. शाब्बासकी मीच दिली होती, अर्ध्या तासापूर्वी, भर वर्गात.

"अनोळखी माणसाशी बोलू नये, हे तू रोज म्हणतेस ना?"

"ती अनोळखी नाही," आचल चिडून म्हणाली. तिला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "दिवाळीपासून ओळखते मी तिला. माझा वाढदिवस घरी कोणाच्या लक्षात नव्हता, तिच्या होता. मला ताप आला तर रोज विचारत होती. तुम्हाला काय माहीत ती कशी आहे!"

तेवढ्यात फोन हातातच थरथरला. नवीन ओळ आली होती. 'निघाली का शाळेतून?'

शाळा सुटल्याचं त्याला ठाऊक होतं. आचलकडे बघितलं तर तिचा चेहरा उजळलेला. माझ्या हातून फोन घ्यायला ती पुढे झाली.

"थांब," मी म्हटलं. "तुला ती खरी वाटत्या ना? मग मी सांगतो ते लिही. एकच ओळ. ती कोल्हापूरची असली तर मी तुझी माफी मागतो."

"काय लिहू?"

"लिही, काय करालीस?"

"म्हणजे काय?"

"तुला नाही कळलं तरी चालतंय. तिला कळलं पाहिजे. आमच्याकडं दोन वर्षांच्या पोराला कळतं, तू आत्ता काय करते आहेस, एवढाच अर्थ."

तिनं लिहिलं. मागच्या भिंतीची खिडकी धाडकन लागली. दौलत मामा आमच्या वर्गापर्यंत आले होते.

उत्तर आलं. आचलनंच वाचलं. "काय करशील म्हणजे? तू फक्त ये. मी येऊन राहिलो." मग तिनं मान वर केली. "नाही समजलं तिला तुमचं. पण म्हणून काय झालं? येऊन राहिली आहे ती, बघा ना."

दौलत मामा दारात उभे राहिले. हातात चाव्यांचा जुडगा.

"मॅडम, कुलूप लावून राहिलो. चाला ना बाप्पा आता, ऊन चढलं."

आणि ते मला ऐकू आलं.

बारा वर्षं मी ते शब्द ऐकत होते. करून राहिलो, जाऊन राहिलो, लावून राहिलो. सुरुवातीला गंमत वाटायची, मी घरी जाऊन नक्कल करायची. पुढे कानाला सवय झाली. पण माझे कान तरी परके होते. आचलचे इथलेच. तिला 'आलो' टोचला, कारण तो बाहेरचा. 'येऊन राहिलो' टोचायचं कारणच नव्हतं. तिची आई तसंच बोलते, ती स्वतः तसंच बोलते. आपल्याच स्वयंपाकघराचा वास आपल्याला कुठे येतो?

"आचल," मी हळू म्हटलं. "कोल्हापुरात कुणी 'येऊन राहिलो' म्हणत नाही."

"मग काय म्हणतात?"

"यायलोय."

तिनं फोनवरची ओळ परत वाचली. मग तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळत गेलं असावं, कारण तिचा आवाज शेवटी बसला.

"मग 'येऊन राहिलो' कोण म्हणते?"

"तू म्हणतीस. दौलत मामा म्हणतात. भाजीवाला म्हणतो. हे सगळं गाव म्हणतं."

तिनं दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. दौलत मामा बिचारे चाव्या हलवत उभे होते. पोरांचे डबे-बाटल्या सांभाळून ठेवणारा भला माणूस. आम्ही दोघी त्यांच्याकडे असं काय बघतोय, हे त्यांना कळेना. मला माझीच लाज वाटली. पण नजर काही हटेना.

"कुठं बोलावलंय?"

"जुन्या जिनिंगच्या मागे." आता ती रडत होती. "घरी सांग मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. मागच्या गेटनं ये म्हटलं, पुढे लोकं असतात."

कापसाच्या त्या बंद पडलेल्या जिनिंग गिरणीचं मागचं गेट बाहेरगावच्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिथं बाभळी माजल्या होत्या. त्या वाटेनं शेळ्या जायच्या.

"मॅडम, बाबांना नका सांगू," आचलनं माझा पदर धरला. "ते शाळा बंद करतील माझी. ताईची केली होती."

मी तिला घेऊन बोरकुटे सरांच्या खोलीत गेले. सर निघायच्या घाईत होते. सगळं ऐकून ते खुर्चीत बसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "पोरगी सुखरूप आहे ना? मग घरी धाडा तिला. पेपरात शाळेचं नाव आलं तर काय करता?"

"सर, तो तिथं उभा आहे. आत्ता. आज ही नाही गेली, तर उद्या दुसरी जाईल."

"कोण उभा आहे?"

"आपल्यातलाच कुणीतरी."

सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी स्वतःच पोलीस ठाण्याचा नंबर लावून माझ्या हातात दिला. पलीकडच्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, शाळेतच थांबा. मी येतो."

'मी येतो.' फळ्यावरची ओळ माझ्या डोळ्यांपुढे आली.

आचलला सरांच्या खोलीत बसवलं. तिचा फोन मी माझ्या पर्समध्ये टाकला. हवालदार आला, सोबत एक साध्या वेशातला शिपाई. मी म्हटलं, मीही येणार. नको म्हणत होते, पण ऐकते कोण? हवालदारानं मला गेटच्या अलीकडेच सोडलं. म्हणाला, "तुम्ही सहज आल्यासारख्या पुढे चालत जा. आम्ही मागून येतो."

भर दुपार. बाभळींच्या सावल्या पायाखाली आखडलेल्या. मागच्या गेटकडे जाणारी वाट जिथं फुटते तिथं चहाची टपरी, तिला लागून लाकडाची वखार. गाडी कुठेच दिसत नव्हती. दुपारची माणसं होती, नेहमीची. टपरीवाला कप विसळत होता. वखारीचे मालक खाटेवर लवंडले होते. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील सायकलचं चाक तपासत होते. दोन टेम्पोवाले पत्ते खेळत होते. बँकेचा शिपाई चहा पीत उभा होता. शिंप्याचा मुलगा फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता.

मला बघून सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"नमस्कार मॅडम!" कुणीतरी म्हणालं. "इकडे कुठे आल्या उन्हाच्या?"

"मॅडम, चहा घेता?"

मी हसले असेन. काहीतरी बोललेही असेन. पर्समध्ये फोन थरथरला. मी झाडाकडे वळून तो काढला. आचलच्या फोनवर, श्रेयाच्या नावानं, नवीन ओळ आली होती.

'मॅडम, तुम्ही काहून आल्या? आचल कुठे आहे?'

'काहून', इथल्या बोलीतला 'का'. मी मान वर केली. टपरीवाला कप विसळत होता. शिंप्याचा मुलगा हसत होता. बँकेच्या शिपायानं कप ठेवला. पत्ते पडत होते. वखारीच्या आत अंधारात आणखी कुणी होतं का, हे मला दिसलं नाही. त्या क्षणी कोण कुणाकडे बघत होतं, कुणाचा हात खिशात होता, हे मी नंतर पोलिसांना सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. मला फक्त एवढंच आठवत होतं की सगळे ओळखीचे होते, आणि सगळे माझ्याकडे बघून आदरानं हसत होते.

मी ओरडले. हवालदार धावत आला. त्यानं टपरीवरच्या सगळ्यांचे फोन तपासले. एकातही काही सापडलं नाही. मी परत आचलचा फोन उघडला तर श्रेयाचा फोटो गेला होता, नाव गेलं होतं, एक राखाडी गोल तेवढा उरला होता. पुढे कळलं की ते सिमकार्ड दुसऱ्याच राज्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या नावावर होतं. तपास चालू आहे, असं मला पुढे कितीतरी दिवस सांगण्यात आलं.

त्या संध्याकाळी मी आचलच्या घरी गेले. सांगायलाच हवं होतं. तिचे वडील प्रभाकर निखाडे कृषी केंद्रात कामाला होते, कमी बोलणारे. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सोमवारपासून शाळा बंद."

"मग मला पण घरी बसवा," मी म्हटलं. मला राग आवरेना. "त्यानं माझी भाषा वापरली. फसली ती, तर माझ्यामुळं फसली. तिनं काय पाप केलंय?"

आचलची आई शिलाई मशीनवर बसली होती. तिनं मशीन थांबवलं.

"पोरगी मॅडमसमोर बोलली म्हणून आज घरात बसून आहे," ती म्हणाली. "तिले घरी कोंडलं तर पुढच्या वेळी कोणापाशी बोलन ते? तुमच्यापाशी बोलली का ते कधी?"

निखाडे उठून आत गेले. पण सोमवारी आचल तिसऱ्या बाकावर होती. डोळे सुजलेले, हातावर मेंदी नाही. तरी होती.

मी वर्गात शिरले. पोरं उभी राहिली. उशीर झाला होता, म्हणून मी नेहमीसारखं सांगायला तोंड उघडलं आणि शब्द जिभेवरच अडला.

"बसा," मी म्हटलं. "वाटेत फाटक लागलं होतं. आत्ताच आले."

कुणीही हसलं नाही. आचलनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

तेव्हापासून मी 'आले' आणि 'गेले' म्हणते. ठरवून केलं. पुन्हा कुठल्या पोरीनं कुणाला माझ्या नावावर माफ करू नये म्हणून. वर्ष-सहा महिन्यांत जीभ वळली. भावाचा फोन आला की तो म्हणायचा, "ताई, अगं कोण बोलालंय हे? पुण्याची झालीस काय?" मी हसण्यावारी न्यायची. तो सुरक्षिततेचा तास मी पुढेही घेत राहिले. मात्र 'अनोळखी' हा शब्द मी फळ्यावरून कायमचा पुसून टाकला. पोरांना म्हणायचे, ज्याचा आवाज कानांनी ऐकला नाही, ज्याला तुमच्या घरच्यांनी पाहिलं नाही, तो कितीही जवळचा वाटला तरी मला येऊन सांगा. मी रागावणार नाही. कपाटात फोन ठेवायचंही मी बंद केलं. पोरी सांगायला येत राहिल्या.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. गडहिंग्लजला परत जायचं ठरलं. शाळेनं मोठा निरोप समारंभ केला. आचल आता अमरावतीला नोकरी करते, ती मुद्दाम आली. आदल्या दिवशी तिनं माझ्या दोन्ही हातांवर मेंदी काढली, कितीतरी वर्षांनी. आम्ही त्या शनिवारबद्दल बोललो नाही. ती समारंभाला पहिल्या रांगेत बसली होती. हॉल खच्चून भरला होता. आजी-माजी विद्यार्थी, त्यांचे आईवडील, भाजीवाला, बँकेचा शिपाई, वखारीचे मालक, शिंप्याचा मुलगा, सगळं गाव लोटलं होतं. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी गावाचे आभार मानले. या गावानं मला खूप दिलं होतं, ते खोटं नव्हतं.

मी माइक ठेवणार, एवढ्यात मागून एक आवाज आला. पुरुषाचा, प्रेमळ, थोडा चेष्टेचा.

"मॅडम, जाता जाता एकदा आपलं ते 'येतो' म्हणा ना! किती वर्षं झाली ऐकलं नाही."

हॉल हसला. टाळ्या पडल्या. "हो मॅडम, म्हणा ना, म्हणा ना!" चारी बाजूंनी आग्रह सुरू झाला.

कोणीही म्हणू शकलं असतं ते. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सगळे ओळखीचे, सगळे माझ्याकडे बघून आदरानं हसत होते. पहिल्या रांगेत आचल तेवढी हसत नव्हती. ती खुर्चीत वळून मागे बघत होती, एकेका रांगेकडे.

आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. मी माइक परत तोंडाजवळ घेतला.

"येते," मी म्हटलं आणि स्टेजवरून खाली उतरले.